फोटोशॉप आहे, मग स्टॅकिंगचं वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

मॅक्रोवाल्यांमध्ये, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांमध्ये, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: फोकस स्टॅकिंगची (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एकच शार्प फोटो बनवणारी) सॉफ्टवेअर सगळी सारखीच, त्यामुळे हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरवर पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी. नाणं किंवा अंगठी टिपण्यापुरतं ते खरंही आहे. तिथे फोटोशॉपमधली ऑटो-ब्लेंड लेयर्स ही सोय काम भागवते.

गोची होते केसाळ कोळ्यापाशी. पायावरचा एक केस दुसऱ्यावरून आडवा गेलेला असतो आणि दोन्ही वेगवेगळ्या फ्रेममध्ये शार्प असतात. फोटोशॉप प्रत्येक जागेसाठी एखादी फ्रेम निवडून मास्क लावतं, म्हणजे बाकीच्या फ्रेमचा तो भाग झाकतं. मग मागचा केस मध्येच तुटतो, नाहीतर कडेला धुरकट वलय उरतं.

झेरीनची पीमॅक्स पद्धत बारीक आणि ठळक तपशील वेगवेगळ्या पातळ्यांवर फोडून जोडते, म्हणून असे केस बऱ्यापैकी शाबूत राहतात. अर्थात फुकट काही नाही: नॉइज (फोटोतले दाणे) आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही वाढतात. झेरीनच्याच दुसऱ्या पद्धतीचं, डीमॅपचं, उलटं. भुंग्याच्या गुळगुळीत पाठीचा रंग-पोत ती छान जपते, पण केसांत गडबडते. हेलिकॉनमध्ये साधारण हीच जोडी सी आणि बी या नावांनी आहे. मुरलेली मंडळी दोन्ही निकाल काढतात आणि रीटच ब्रशने डीमॅपवर पीमॅक्समधले केस उतरवतात. माझ्या मते खरे पैसे या ब्रशचेच.

खिसा रिकामा असेल तर एनफ्यूज हे सॉफ्टवेअर मोफत आहे. कमांड लाइनची (आज्ञा टाइप करून काम करण्याची) भीती नसावी, इतकंच. आणि दोन फ्रेमच्या मध्ये फोकसची फट राहिली असेल, तर ती यातलं एकही सॉफ्टवेअर भरून देत नाही.