करवंद लावताय? मग हे वाचून घ्या (आमच्या नर्सरीच्या ग्राहकांसाठी माहिती)

हल्ली बरेच जण नर्सरीत येऊन मोबाईलवर एक फोटो दाखवतात, पिवळ्याधमक बारीक फुलांनी भरलेलं झुडूप, आणि म्हणतात हे करंटचं झाड द्या, याच्या फुलाला लवंगेचा वास येतो म्हणे. येतो, खरंच येतो. त्याला क्लोव्ह करंट म्हणतात, मूळचं उत्तर अमेरिकेच्या मधल्या भागातलं, तिकडे एप्रिल-मे मध्ये फुलतं आणि नंतर काळी आंबटगोड फळं देतं. पण ते आम्ही ठेवत नाही आणि मागवूनही देत नाही, कारण त्या झाडाला फुलायचं तर आधी हिवाळाभर कडक थंडी लागते, शेकडो तास पारा ७ अंशाच्या खाली राहिला पाहिजे. आपल्याकडे जानेवारीत चार रात्री शेकोटी पेटवावी लागते हे खरं, पण दुपारी ऊन परत तापतंच, आणि मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं. ऑनलाइन त्याच्या बियांची पाकिटं विकतात, त्या बिया उगवायलाही आधी गारवा लागतो, म्हणून विनंती आहे की त्यात पैसे घालू नका.

तुम्हाला पाहिजे काय, तर वसंतात फुलणारं, वास देणारं, वर काळी आंबटगोड फळं देणारं झुडूप, बरोबर ना. ते आपल्याकडे आहेच की, करवंद. सातपुड्यात फिरलेल्या माणसाला करवंदीची जाळी माहीत असते, पण अंगणात कोणी लावत नाही कारण काटे आणि "रानातलं झाड". आमचं म्हणणं असं की खान्देशातल्या उन्हात, कमी पाण्यात, एवढं देणारं दुसरं झुडूप शोधून दाखवा.

फुलं पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी, फांदीच्या शेंड्याला झुबक्याने येतात. वास जाई-मोगऱ्याच्या जवळचा, संध्याकाळी जास्त जाणवतो. माघ-फाल्गुनात बहर सुरू होतो, म्हणजे थंडी सरत आली आणि ऊन अजून जाळत नाही त्या दिवसात, त्यामुळे झाड ओट्याजवळ किंवा खिडकीच्या बाजूला लावलं तर वासाचा खरा फायदा मिळतो, कंपाउंडच्या पार कोपऱ्यात लावून मग वास येत नाही म्हणू नका. फक्त चालायच्या वाटेपासून ४-५ फूट लांब ठेवा, काटे कडक असतात, लहान पोरं असतील तर अजून लांब.

जमिनीबद्दल जरा नीट वाचा, झाडं दगावतात ती बहुतेक इथेच. साक्री, नंदुरबार, शिरपूरच्या डोंगराकडची हलकी मुरमाड जमीन असेल तर काहीच टेन्शन नाही, करवंद तिथलंच आहे. पण तापीकाठची भारी काळी जमीन असेल, रावेर-यावल-चोपडा साईड, तर पावसाळ्यात मुळाशी पाणी साचतं आणि करवंदाला तेच चालत नाही, दुष्काळ सोसेल पण ओले पाय नाही सोसणार. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि मुळ्या तुटतात. म्हणून काळ्या जमिनीत खड्ड्यात झाड बसवू नका, फूटभर उंच वरंबा किंवा ओटा करा, मातीत निम्मा मुरूम मिसळा आणि वरंब्यावर लावा. मुरमाड जमिनीत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे मध्येच खणून उन्हात तापू द्या, मग चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन पाट्या आणि वरची माती घालून भरा. ताजं शेण घालू नका, हुमणी (मुळ्या खाणारी अळी) लागते. बोअरचं पाणी थोडं खारट असलं तरी करवंद सहन करतं, त्या बाबतीत गुलाबासारखं नाजूक नाही.

लावायची वेळ म्हणजे मृगाचा पाऊस होऊन जमीन नीट भिजली की, जून शेवट ते जुलै. ऊन पाहिजे, दिवसाचं किमान ६ तास, सावलीत झाड जगतं पण फुलत नाही आणि मग लोक आमच्याकडे येऊन विचारतात की फुलं का नाहीत.

दोन झाडांतलं अंतर: नुसतं शोभेला आणि फळाला लावायचं तर ६ ते ८ फूट. कुंपण करायचं असेल तर अडीच-तीन फुटांवर, दोन ओळी, दुसऱ्या ओळीतलं झाड पहिल्या ओळीतल्या दोन झाडांच्या मधोमध. दाट जाळी व्हायला तीन-चार वर्ष जातात, तोवर तारेचं काहीतरी ठेवा. ढोरं-बकऱ्या अडतात, रोही (नीलगाय) मात्र उडी मारून येतो, त्याचं आम्ही वचन देत नाही.

आता पाण्याचं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, "भाऊ, पानी कितलं देवानं?" पहिला उन्हाळा काळजीचा आहे, तेव्हा आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या आणि बुडाशी केळीचा वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट पसरा, खोडाला चिकटवून नाही, चार बोटं सोडून. ठिबक असेल तर उत्तम, ड्रीपर खोडापासून थोडा लांब ठेवा म्हणजे मुळ्या पसरतात. दुसऱ्या वर्षापासून हात आखडता घ्या. दिवाळीनंतर पाणी कमी करत आणा आणि पौषात जवळजवळ बंद, लिंबाला ताण देतात तसाच प्रकार, झाड रुसल्यासारखं दिसेल, थोडी पानं पिवळी पडतील, घाबरू नका. कळ्या दिसायला लागल्या की हलकं पाणी सुरू करा, एकदम लोट सोडू नका. रोज पाणी घातलेलं करवंद नुसतं हिरवंगार वाढतं, फुलं मोजकी, आणि युरिया टाकला तर अजूनच वाईट. खत म्हणाल तर वर्षातून एकदा पावसाच्या सुरुवातीला शेणखत, बस्स.

छाटणी. हा मुद्दा कृपा करून लक्षात ठेवा, कारण फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. दिवाळीच्या साफसफाईत कात्री लावली की पुढच्या वसंतातली फुलं गेलीच समजा. छाटायचं ते फळं उतरली की लगेच, मे मध्ये पिकणाऱ्या झाडाचं जून-जुलैत, म्हणजे श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आत उरकून टाका, मग नवीन फुटव्याला वाढायला आणि पक्व व्हायला पुरेसा वेळ मिळतो. पावसाळ्यात पिकणारी जात असेल तर फळं संपल्यावर छाटा, गणपतीपर्यंत. पहिली दोन वर्ष फक्त आकार द्या, जमिनीलगतचे आडवे फुटवे काढा. कापताना पांढरा चीक निघतो, तो कपड्यावर पडला की डाग जात नाही आणि डोळ्याला लागू द्यायचा नाही, हातमोजे घाला. ज्यांना दर महिन्याला कात्रून चौकोनी कुंपण पाहिजे त्यांनी फुलांची आशा ठेवू नये, दोन्ही एकत्र होत नाही.

जातींचं थोडक्यात. रानातली छोटी, पिकल्यावर काळी होणारी, ती खायला सगळ्यात चवदार असं आमचं मत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड, फळ मोठं. पंतनगरच्या पंत मनोहर आणि पंत सुदर्शन, फळ पांढरट-गुलाबी, दिसायला फार सुंदर, लोणच्याला चांगलं, ही पावसाळ्यात तयार होतात. गॅलरीतल्या कुंडीसाठी मोठ्या फुलांचं दक्षिण आफ्रिकेतलं करवंद असतं, नेटाल प्लम म्हणतात, वास त्यालाही छान, पण कुंडी १८ इंचाची घ्या, लहान नको, आणि खालची भोकं मोकळी ठेवा. नर्सरीत त्या दिवशी कुठलं शिल्लक आहे ते विचारून या.

आमच्याकडे बियांची रोपं असतात आणि गुटीची पण (गुटी म्हणजे झाडावरच फांदीला मुळ्या फोडून केलेलं रोप). गुटीचं लवकर फळतं, जिथून घेतली त्या झाडासारखंच फळ देतं, म्हणून महाग. बियांच्या रोपाला साधारण तीन वर्ष थांबावं लागतं आणि फळ कसं निघेल याची खात्री नसते, पण कुंपणाला तेच परवडतं. घरी बियांपासून करायचं असेल तर पिकलेल्या फळातलं बी काढून धुऊन लगेच पेरा, वाळवून डब्यात ठेवलेलं बी उगवत नाही, हे फुकट सांगतोय, रोप आमच्याकडूनच घ्या असं काही नाही.

रोग-कीड फारशी नाही. पांढरा पिठ्या ढेकूण शेंड्याला दिसला तर जोरात पाण्याचा फवारा मारा आणि निंबोळी तेल. पावसात पानांवर काळे-तपकिरी ठिपके आले तर झाडात हवा खेळेल अशी आतली गर्दी विरळ करा. फुलोऱ्यात कुठलंच औषध फवारू नका, फुलांवर किडे येतात त्यांच्यामुळेच फळ धरतं.

आणि फळाचं काय करायचं? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास झाडावर हिरवी करवंदं असतात, ती लोणच्याची. चीक फार असतो म्हणून चिरून मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, हाताला तेल लावा, मग मोहरी-तिखट घालून लोणचं, किंवा हिरवी मिरची-लसूण-शेंगदाण्याबरोबर पाट्यावर वाटून चटणी, कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन बघा. अर्धवट पिकलेल्या लालसर फळात पेक्टिन भरपूर असतं म्हणून जेली बाहेरचं काही न घालता घट्ट होते, साखर आणि रस, एवढंच. बेकरीत केकवर ती लालभडक "चेरी" असते ना, ती पुष्कळदा बिया काढून रंगवलेलं, साखरेत मुरवलेलं करवंदच असतं. काळी झालेली मात्र झाडाखाली उभं राहून खायची, त्यात थोडी बुलबुलांना राहू द्या, ते तसेही विचारत नाहीत.

रोप नेताना पिशवी न फाडता न्या, लावताना प्लास्टिक पूर्ण काढा, अर्धं फाडून तसंच पुरलेलं रोप दोन वर्षांनी वाळतं. लावल्यापासून तीन महिन्यात काही अडचण वाटली तर पानाचा आणि बुडाजवळच्या मातीचा असे दोन फोटो काढून काउंटरवर आणा, नुसतं "सुकतंय" सांगितल्याने आम्हाला कळत नाही, पाणी जास्त झालं की कमी, ते माती बघूनच सांगता येतं.