लिपिड राफ्ट आणि डिटर्जंटरोधी पटल: एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत

नागपूरच्या एम.एस्सी.च्या वर्गांत पेशीपटलाचे प्रकरण शिकवताना ‘लिपिड राफ्ट’ आणि ‘डिटर्जंटरोधी पटल’ या संज्ञा सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. तसे होऊ नये असे मला ठामपणे वाटते, कारण राफ्ट ही जिवंत पेशीच्या पटलातील रचना आहे, तर डिटर्जंटरोधी पटल हे डिटर्जंटमध्ये न विरघळता प्रयोगानंतर नळीत उरते.

पेशी ४ अंश सेल्सिअसला ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये (मेद विरघळवणाऱ्या साबणासारख्या द्रव्यात) ठेवल्या की पटलाचा बराच भाग विरघळतो, पण सगळा नाही. असंपृक्त मेदाम्लांच्या वाकलेल्या शेपट्या सैलसर बसतात, त्यामुळे डिटर्जंटचे रेणू त्यांच्यात सहज शिरतात. उलट पटलातील स्फिंगोमायेलिन या मेदाच्या शेपट्या बहुधा संपृक्त व सरळ असतात, त्यांच्यामधली जागा कोलेस्टेरॉल भरून काढते आणि एवढ्या दाटीत डिटर्जंटला शिरकाव मिळणे कठीण होते. हा शिल्लक भाग म्हणजेच डिटर्जंटरोधी पटल; ते मेदाने समृद्ध, म्हणून हलके असते आणि सुक्रोजच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज केल्यावर वर तरंगते. त्यात जीपीआय-नांगराची (जीपीआय या मेदयुक्त रेणूने पटलाला जोडलेली) प्रथिने एकवटतात, हे डेबोरा ब्राउन आणि जॉन रोझ यांनी १९९२ मध्ये दाखवले.

राफ्टची संकल्पना काई सिमोन्स आणि एलिना इकोनेन यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडली. २००६ मध्ये ठरलेल्या व्याख्येनुसार राफ्ट १० ते २०० नॅनोमीटरचे, सतत बदलणारे, स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखे मेद) व स्फिंगोलिपिड (स्फिंगोमायेलिनसारखे मेद) यांनी समृद्ध असे भाग असतात.

घटक सारखेच असल्याने गोंधळ होतो खरा, पण तापमानाकडे पाहिले की फरक कळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना नळी बर्फातून काढून टेबलावर विसरली, तर थंडीत टिकलेले पटलही बऱ्याच अंशी विरघळू लागते. मग ४ अंशांवर जे टिकले तेच ३७ अंशांच्या शरीरात त्याच रूपात होते, असे कशाच्या आधारे म्हणायचे? शिवाय ट्रायटन स्वतःच पटलात असे दाट भाग घडवू शकते, आणि डिटर्जंट बदलला की तरंगणाऱ्या थरातील प्रथिनांची यादीही बदलते.

म्हणून एखादे प्रथिन त्या थरात सापडले, तर प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘हे प्रथिन राफ्टमध्ये असते’ असे न लिहिता, ‘४ अंशांवर ट्रायटनमध्ये विरघळले नाही’ एवढेच लिहावे आणि राफ्टचा दावा करायचा असल्यास जिवंत पेशीवरील सूक्ष्मदर्शीचा पुरावा स्वतंत्रपणे जोडावा.