लायसन्स सस्पेंड डिलिव्हरी बॉयचं, मग मालकाला काय?

किराणावाले, मेसवाले, मेडिकलवाले सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "लायसन्स त्याचं, गुन्हा त्याचा, आपला काय संबंध". हे साफ चुकीचं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ प्रमाणे चालू लायसन्स नसलेल्याला गाडी चालवायला देणं हाच मालकाचा वेगळा गुन्हा आहे आणि सस्पेंड म्हणजे तेवढ्या काळापुरतं लायसन्स नाहीच. पोराला कलम १८२ खाली १०,००० दंड बसू शकतो, तो वेगळा, आणि दुकानाची गाडी असेल तर मालकाला कलम १८० खाली ५,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

"इन्शुरन्स आहे ना" हे तर अजून महागात पडतं. २००४ च्या स्वर्णसिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसतं लायसन्स नव्हतं म्हणून कंपनी सुटत नाही, मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. पण तो सिद्ध झाला की बऱ्याचदा कंपनी जखमीला पैसे देते आणि मग तेच पैसे तुमच्याकडून वसूल करते. लाखांत जातो आकडा.

बाइक पोराची स्वतःची असेल तर १८० मधून सुटाल कदाचित, पण पगारी माणसाने ऑर्डर पोचवताना कुणाला उडवलं तर भरपाईच्या दाव्यात तुम्हालाही ओढता येतं.

आणि कार्डाचा व्हॉट्सॲपवर घेतलेला फोटो काही कामाचा नाही, त्यावर सस्पेंड असं उमटत नाही हो! परिवहनच्या साइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका, स्टेटस दिसतं, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि अधूनमधून परत बघत जा.