ब्राह्मीचीच परीक्षा

फेब्रुवारी उजाडला की औषधांच्या दुकानात ब्राह्मीच्या बाटल्या काउंटरवर पुढे सरकतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर जुनाच मजकूर नव्याने फिरतो: ‘ब्राह्मीनं स्मरणशक्ती वाढते, हे आता ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीही मान्य केलं!’ यंदा शेजारच्या वहिनींनी थेट विचारलं, “लेकीची दहावी तीन आठवड्यांवर आलीय. सुरू करू का?” ऑस्ट्रेलियातले प्रयोग खरे आहेत, पण तिथे औषध तीन महिने दिलं होतं, असं मी सांगितलं. वहिनींना ते फारसं रुचलं नाही.

मुळात ब्राह्मी कोणती, इथूनच घोळ आहे. प्रयोगांत वापरतात ती बाकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. ओलसर जागी जमिनीलगत पसरणारी, लहान मांसल पानांची, पांढरट-जांभळट फुलांची. आपल्याकडे नर्सरीत ‘ब्राह्मी’ म्हणून बऱ्याचदा मिळते ती मंडूकपर्णी, कोकणातला कारिवणा: मूत्रपिंडाच्या आकाराचं, दातेरी कडेचं पान. दोन्हींची कुळंही वेगळी. मंडूकपर्णी कोथिंबिरीची नातलग, जलब्राह्मी इसबगोलाची. गंमत म्हणजे चरकसंहितेत मेध्य रसायनांचा, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या औषधांचा, जो प्रसिद्ध श्लोक आहे, त्यात मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही चारच नावं आहेत. ब्राह्मी त्यात नाही. तिचं तूप येतं ते अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, चिकित्सेत.

जलब्राह्मीवरचं बरंच मूलभूत काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झालं. वनस्पतीतले ‘बॅकोसाइड’ नावाचे घटक वेगळे केले गेले. हे सॅपोनिन गटातले. रिठ्याला फेस आणणाऱ्या रसायनांचे भाऊबंद. प्रयोगाला नुसती पावडर चालत नाही, कारण जमीन, ऋतू आणि वाळवण यांनुसार बॅकोसाइडचं प्रमाण बदलतं. म्हणून त्यांचं प्रमाण ठरलेला अर्क वापरतात.

आता माझ्या आवडीचा भाग. स्मरणशक्ती मोजायची कशी? ताप मोजायला थर्मामीटर आहे. आठवणीला काय लावणार? ब्राह्मीच्या प्रयोगांत वारंवार दिसते ती आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाची चाचणी, 1940च्या दशकातली. पंधरा सुटे शब्द एका लयीत वाचून दाखवायचे आणि आठवतील तेवढे म्हणायला सांगायचे. हे पाचदा. मग मुद्दाम दुसरेच पंधरा शब्द मध्ये घुसवायचे आणि लगेच पहिली यादी पुन्हा विचारायची. साधारण अर्ध्या तासानं, न वाचता, आणखी एकदा.

मी हा खेळ वहिनींवरच केला. कढई, टपाल, चिमणी, बोगदा… पहिल्या फेरीत सहा शब्द, पाचव्या फेरीत तेरा. अर्ध्या तासानं दहा. आता बघा, सहावरून तेरावर जाणं हे शिकणं. तेरावरून दहावर येणं ही विस्मृती. आपण दोन्हींना मिळून ‘स्मरणशक्ती’ म्हणतो, पण हौदात पाणी भरणं आणि हौद गळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषधानं नळ मोठा झाला की गळती कमी झाली, हे नुसतं ‘मार्क वाढले’ यावरून कळत नाही.

2002मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग इथल्या संशोधकांनी नेमकं हेच पाहिलं. 40 ते 65 वयाच्या 76 जणांना तीन महिने कोणाला अर्क, कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली प्लासिबो गोळी दिली. ब्राह्मीवाल्यांना नव्यानं शिकलेल्या शब्दांच्या जोड्या काही वेळानं अधिक आठवल्या, पण शिकण्याचा वेग बदललेला नव्हता. म्हणजे गळती कमी झाली, नळ तेवढाच राहिला. त्याआधी 2001मध्ये मेलबर्नच्या 46 जणांवरच्या प्रयोगात मात्र बारा आठवड्यांनी शिकण्याचा वेगही वाढलेला दिसला होता. दोन्ही बरोबर असतील का? लहान गटांत असं होतं. त्याच वर्षी 38 जणांना एकच मात्रा देऊन दोन तासांनी तपासलं, तेव्हा काहीच फरक आढळला नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी चमचा भरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

प्लासिबोची गरज का, तेही वहिनींनीच दाखवलं. आठवड्यानं तीच यादी वाचली, तर चौथ्या फेरीतच पंधरा! मधल्या काळात त्यांनी फक्त चहा घेतला होता. सरावानं गुण वाढतातच. म्हणून सरावाचा वाटा वजा करायला दुसरा गट लागतो.

आणखी एक खाच आहे. एकाच प्रयोगात वीस चाचण्या घेतल्या आणि प्रत्येकीत निव्वळ योगायोगानं फरक दिसण्याची पाच टक्के शक्यता चालवून घ्यायची ठरवली, तर अगदी निरुपयोगी औषधालाही किमान एका चाचणीत ‘यश’ मिळण्याची शक्यता 64 टक्के होते. अर्थात हा हिशोब चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर. प्रत्यक्षात त्या गुंतलेल्या असतात आणि दुरुस्तीचं गणित किचकट होतं. ते सोडू. 2012च्या एका आढाव्यात सहा प्रयोग एकत्र पाहिले, तेव्हा आठवून सांगण्याच्या 17 चाचण्यांपैकी 9 मध्ये ब्राह्मी सरस ठरली. बुद्धीच्या इतर अंगांत सुधारणेचा पुरावा तुटपुंजा. त्यामुळे ‘बुद्धी तल्लख होते’ ही जाहिरात पुराव्याच्या पुष्कळ पुढे धावते.

मला खटकते ती पोटाची गोष्ट. ब्राह्मीनं काहींना मळमळतं, पोटात कळा येतात, शौचाला जास्त वेळा होतं. ज्याचं पोट बिघडलं त्याला अंदाज येतो की आपल्याला खरी गोळी मिळाली. मग कोणाला काय दिलं हे गुपित कुठे राहिलं?

 

बारा आठवडे का लागत असावेत, याचा एक धागा मणिपालच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात सापडतो. ब्राह्मी दिलेल्या पिल्लांच्या मेंदूत अमिग्डाला या भागातल्या चेतापेशींच्या वृक्षिका, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, अधिक लांब आणि दाट झालेल्या दिसल्या. पण हे चार ते सहा आठवड्यांनी. फांदी फुटायला वेळ लागतोच. अर्थात उंदराच्या फांद्या म्हणजे माणसाचे मार्क नव्हेत.

एवढं ऐकल्यावर वहिनींनी बाटली घेतली नाही. “ताजं पानच देते,” म्हणाल्या आणि नर्सरीतून ‘ब्राह्मी’ लिहिलेली कुंडी घेऊन आल्या. पानं दातेरी, मूत्रपिंडाच्या आकाराची. चटणी मात्र छान झाली होती.