बालाघाटच्या उतारावरची खर्पुडी

श्रावणात सोलापूरहून रामलिंगला जाणाऱ्यांची नजर देवळावर, धबधब्यावर आणि पिशवी पळवणाऱ्या माकडांवर असते. धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळच्या रामलिंगचं हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर. बालाघाटच्या या रांगेत पानगळीचं जंगल आहे: धावडा, सालई, पळस, खैर. उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी लागतं, म्हणून तिथली झाडी दाट आणि ओल जास्त टिकते.

अशा कोरड्या डोंगर-माळांवरची दुर्मीळ झाडं मात्र पायाशी शोधावी लागतात. खर्पुडी, म्हणजे कंदीलपुष्पाची वेल, आठ महिने जमिनीखाली कंद होऊन पडून राहते आणि पावसात वर येते. फूल इंचभर: खाली फुगा, मध्ये नळी, वर टोकांना जुळलेल्या पाकळ्यांचा पिंजरा. वासाला भुलून चिलटाएवढी माशी नळीत घसरते. आतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने तिला वर येता येत नाही. फुग्यात धडपडताना परागांची जोडपिशवी तिच्या सोंडेला अडकते. एक-दोन दिवसांत केस कोमेजतात आणि माशी सुटते. तीच माशी त्याच जातीच्या दुसऱ्या फुलात फसली तरच शेंग धरते. वेली फार विखुरल्या की फुलं येतात, पण शेंगा धरत नाहीत.

कंद खायला गोड, त्यामुळे उकरला जातोच. पण आमच्या मते त्याहून मोठं नुकसान चांगल्या हेतूने होतं. मुरमावर माती वीतभर, आणि कंद त्याच थरात. तिथे पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, ६० सेंटिमीटरचे समतल चर खणले की मुरूम वर, कंद उघडे. त्या उकरलेल्या पट्ट्यात पुढच्या पावसात गाजरगवत आणि घाणेरी पहिल्यांदा शिरतात. म्हणून चरांची आखणी उन्हाळ्यात करू नये, तेव्हा वेल दिसतच नाही. ऑगस्टमध्ये फिरून वेलींच्या जागा दगड मांडून खुणावाव्यात आणि तेवढा तुकडा सोडावा.

रोपं करायची तर कंद उपटू नये. शेंग तडकायच्या बेतात असताना काही शेंगा घ्याव्यात, बाकी वेलीवर ठेवाव्यात. कापसासारखी शेपटी असलेलं बी वाऱ्यावर जातं. बी ताजं असतानाच अर्धा बारीक मुरूम, अर्धी माती अशा मिश्रणात पेरावं, वर नखभरच थर. वेल पिवळी पडली की पाणी थांबवावं आणि पिशवी सावलीत कोरडी ठेवावी. रोपवाटिकेत इतर रोपांसोबत हिलाही हिवाळाभर झारी फिरते, आणि कंद सडतो.