रिव्हर्स शोल्डर: काही मिलिमीटरांचा जुना वाद

खांद्याच्या नेहमीच्या कृत्रिम सांध्यात गोळा दंडाच्या हाडावर आणि वाटी फऱ्याच्या हाडावर बसते. रोटेटर कफ (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंचा पट्टा) फाटलेला असेल तर हे गणित बिघडते. गोळ्याला वाटीत दाबून धरणारे स्नायूच नसतात. डेल्टॉइड (खांद्यावरचा मोठा स्नायू) त्याला वर खेचतो, वाटीच्या वरच्या काठावर भार येतो आणि ती सैल होते.

म्हणून १९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे चार्ल्स नीअर आणि युरोपातल्या काही सर्जनांनी जागाच उलट्या केल्या: गोळा फऱ्यावर, वाटी दंडावर. हाच रिव्हर्स शोल्डर. पण गोळ्याला मान ठेवली. फिरण्याचा मध्यबिंदू हाडापासून दूर गेला आणि प्रत्येक हालचालीत गोळा पहारीसारखा उचकटू लागला. नीअर यांनी तीन नमुने करून नाद सोडला.

फ्रान्समधल्या दिजाँच्या पॉल ग्रामाँ यांचा १९८५ चा सिमेंटने बसवलेला, ४२ मिमीचा गोळाही पुरता टिकला नाही. १९९१ च्या ‘डेल्टा-३’ मध्ये त्यांनी मान काढून टाकली: अर्धगोल, बेसप्लेटला (गोळ्यामागे हाडावर बसणाऱ्या चकतीला) मधोमध खुंटी, भोवती स्क्रू. मध्यबिंदू थेट हाडाला टेकला. दंड खाली सरकला, डेल्टॉइड ताणला गेला आणि एकट्याच्या बळावर हात उचलू लागला. अमेरिकेत हा सांधा २००३ मध्ये मंजूर झाला.

किंमत नंतर कळली. हात अंगाशी आणला की वाटीचा खालचा काठ फऱ्याच्या मानेवर घासतो. हाडाला खाच पडते, वाटीच्या पॉलिएथिलीनचे (प्लॅस्टिकचे) कण सुटतात. मागचे उरलेसुरले स्नायू ढिले पडल्याने हात बाहेर फिरवता येत नाही.

‘नवे’ म्हणून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे म्हणजे ग्रामाँपासून मोजूनमापून घेतलेली माघार आहे. दंडाकडच्या वाटीचा हाडाच्या रेषेशी होणारा कोन १५५ अंशांवरून १४५ किंवा १३५ वर आला. बेसप्लेट ग्लेनॉइडच्या (फऱ्यावरच्या खोबणीच्या) खालच्या काठाशी बसवतात, वर तोंड करून तर मुळीच नाही. टँपाच्या मार्क फ्रँकल यांनी गोळाच हाडापासून बाहेर आणला; नीसच्या पास्कल ब्वालो यांनी बेसप्लेटमागे रुग्णाच्याच दंडाच्या डोक्यातली हाडाची चकती घातली. मात्र मध्यबिंदू जास्त बाहेर नेला की बेसप्लेटवरचा ताण परत वाढतो. ठिसूळ हाडांच्या रुग्णांत अ‍ॅक्रोमिअनला (फऱ्याच्या खांद्यावरच्या टोकाला) ताणाचे फ्रॅक्चर होण्याची भीती असतेच.

आता सीटी स्कॅनवरून आधी आखणी होते. २०२४ मध्ये अमेरिकेत खांद्यासाठी रोबोटलाही परवानगी मिळाली. त्याने स्क्रूची दिशा नेमकी साधते. डेल्टॉइडचा ताण मात्र बहुतेक ठिकाणी ट्रायल लायनर (वाटीचे तात्पुरते अस्तर) बसवून, हात ओढून-फिरवूनच ठरतो. ढिला राहिला तर सांधा निखळतो, फार ताणला तर नस दुखावते.