मोटारसायकलची हिवाळी साठवण

थंड प्रदेशांत हिवाळ्याचे काही महिने मोटारसायकल रस्त्यावरून काढून बंदिस्त जागी ठेवतात आणि त्यासाठी ती आधी नीट तयार करतात. जर्मनी, स्कँडिनेव्हिया, कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत ही पद्धत रूढ आहे. बर्फाळ रस्त्यावर दोन चाकांना पकड मिळत नाही, हे त्यामागचे एक कारण. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकले जाणारे मीठ हे दुसरे. मिठाचा हा राडा चेन, स्पोक आणि सायलेन्सरच्या सांध्यांवर झपाट्याने गंज चढवतो.

जर्मनीत या पद्धतीला नियमांची जोड आहे. १९९७पासून तेथे हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला महिन्यांचे दोन आकडे एकाखाली एक असतात. ०३ आणि १० असतील तर गाडी मार्च ते ऑक्टोबर एवढ्याच काळात रस्त्यावर आणता येते. हंगाम कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ११ महिन्यांचा असतो. कर तेवढ्याच महिन्यांचा भरायचा, पण उरलेल्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्याच्या कडेला नुसती उभी करायलाही मनाई. अर्थात सगळेच चालक हिवाळा घरात काढत नाहीत. १९५६ साली सुरू झालेला ‘हत्तींचा मेळावा’ हा मोटारसायकलस्वारांचा मेळावा बव्हेरियाच्या जंगलात ऐन थंडीत, बर्फात तंबू ठोकून भरतो.

उभ्या गाडीचे नुकसान थंडीपेक्षा ओलावा जास्त करतो. साठवणीची बहुतेक कामे हे लक्षात घेतले की आपोआप उलगडतात. पत्र्याची टाकी अर्धी रिकामी असेल, तर आतल्या दमट हवेतले पाणी दवासारखे पत्र्यावर जमते आणि टाकी आतून गंजते. म्हणून ती भरून ठेवतात. प्लॅस्टिकच्या टाकीला हा धोका नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल मात्र पाणी शोषून घेते आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात. त्यासाठी पेट्रोल टिकवणारे रसायन टाकून इंजिन काही मिनिटे चालवतात, म्हणजे ते पेट्रोल इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचते. इंजेक्टरऐवजी कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या धाटणीच्या गाडीत फ्लोट बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी, रिकामा करणे उत्तम. नाहीतर पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोट्यांची, बारीक भोके बुजवतो. इंजिन ऑइल साठवणीआधीच बदलावे, वसंतात नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले आम्ल आणि पाणी असते, आणि बेअरिंगे महिनोन्‌महिने त्यातच राहतात.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे दर पंधरवड्याला गाडी पाच मिनिटे चालू करावी हा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब धावली तर सायलेन्सर तापून ही वाफ निघून जाते. थंड गॅरेजमध्ये पाच मिनिटे चालवलेल्या इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये ती तिथेच पाणी होऊन साचते. शिवाय स्टार्टरने बॅटरीतून जेवढी वीज ओढली, तेवढी त्या पाच मिनिटांत बहुधा भरूनही निघत नाही. काळजीपोटी केलेले हे काम गाडीच्या मुळावर येते. एकदा नीट बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे ते थेट हंगाम सुरू झाल्यावरच.

बॅटरीचा प्रश्न वेगळा, तिथे थंडी खरोखरच घातक ठरते. पूर्ण भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतले द्रावण उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतले द्रावण मात्र जवळजवळ पाण्यासारखे झालेले असल्याने शून्याच्या थोडे खाली गोठते आणि बॅटरी फुटते. म्हणून आधी ऋण आणि मग धन तार सोडवून बॅटरी काढून घेतात व देखभाल-चार्जरवर, म्हणजे बॅटरी सतत भरलेली राखणाऱ्या चार्जरवर, ठेवतात. लिथियम बॅटरीला तिच्यासाठीचाच चार्जर हवा आणि शून्याखाली ती चार्ज करू नये. गोठण्याचा धोका इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटलाही असतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपास टिकते.

उरलेली कामे सोपी पण टाळू नयेत अशी आहेत. गाडी धुऊन पूर्ण वाळवावी, चेन स्वच्छ करून तिला वंगण द्यावे, टायरमध्ये हवा पुरेशी भरून शक्य असल्यास चाके स्टँडवर उचलून धरावीत. झाकायला हवा खेळेल असे कापड वापरावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबतात, कारण उंदीर तिथे आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटी करतात. बोळा कोंबल्याची चिठ्ठी किल्लीला बांधून ठेवावी.

महाराष्ट्रात हिवाळ्यासाठी गाडी ठेवण्याचे कारण नाही. पण पावसाळाभर कोकणात किंवा मुंबईत उभ्या राहणाऱ्या, नाहीतर मालक परदेशी गेल्यामुळे पुण्यात पार्किंगमध्ये पडून असलेल्या गाडीला ओलाव्याचा त्रास तोच होतो. भारतातल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने टाकी आणि कार्ब्युरेटरची वरील काळजी इथेही घ्यायला हवी.

गाडी पुन्हा काढताना बोळा काढून आधी ब्रेक तपासतात, मग टायरची हवा, आणि शेवटी बॅटरी जोडतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे ते दोन वर्षांपूर्वीचे असेल तर याच वेळी बदलतात. डिस्कवर आलेला हलका गंज पहिल्या काही ब्रेकांत घासून जातो, पण तोवर थांबायला अंतर जास्त लागते.